काट्याला अर्थ मिळेना

पप्पांच्या डाव्या पायाला क्लच दाबता येत नव्हता. आनंदनगरच्या ज्या केमिकल कंपनीत ते तीस वर्षं पाइप फिटर होते, तिथेच एकदा पाइपांचा गठ्ठा त्यांच्या पावलावर घसरला. पाऊल राहिलं, पण घोट्यातून वळेना. कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. आमचं घर कात्रपला, तिथून कंपनीपर्यंत शेअर रिक्षा मिळत, पण त्यात ताठ पाय बाहेर काढून बसावं लागे, आणि रिक्षावाले म्हणत, "काका, पाय आत घ्या, नाहीतर दोन सीट धरा." महिनाभर पप्पांनी हे ऐकून घेतलं. मग भरपाईच्या रकमेतून त्यांनी गाडी घेतली. उल्हासनगरच्या एका कापडवाल्याची, सेकंडहँड, छोटी, ऑटोमॅटिक. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आमच्या भागात अशी गाडी फारसं कुणी घेत नसे. म्हणूनच ती आम्हाला परवडली.

आई त्याआधीच गेली होती. घरात आम्ही दोघंच. मी मराठीत एम.ए. केलं होतं, त्यानंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली होती, आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कंत्राटावर काम करत होते.

गाडीला एक खोड होती. गर्दीत अडकली की गिअरबॉक्स तापे. आधी करपलेल्या तेलाचा वास येई, मग इंजिन नीट चालू असूनही गाडी पुढे सरकत नसे. पहिल्यांदा हे झालं ते महाशिवरात्रीला. पायाच्या व्यायामासाठी पप्पा अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका डॉक्टरकडे गेले होते. येताना भाविकांच्या गर्दीत गाडी बसली. घरात मोबाईल एकच होता आणि तो माझ्याकडे होता. त्यांना चालत कुठे जाता येईना. ते चार तास स्टिअरिंगसमोर बसून राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "छप्पन्न साली तुझ्या आजोबांनी देव सोडले. आणि मी आज शंकराच्या दारात चार तास! एका बाईने खिडकीतून मला प्रसाद दिला. नवस फेडतोय असं वाटलं असेल तिला."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर गाडीत बसू लागले. गाडी ढकलायची ताकद माझ्यात नव्हती, पण रिक्षा आणू शकत होते, मेकॅनिकला बोलावू शकत होते. सकाळी आठला कंपनीच्या गेटपर्यंत, तिथून रिक्षा बदलत उल्हासनगरला, संध्याकाळी पुन्हा गेटवर, आणि पप्पांबरोबर घरी. माझा दिवस त्यांच्या शिफ्टच्या दोन टोकांना बांधला गेला. धूळ येते म्हणून ते काच उघडू देत नसत. एसी बंद पडलेला. मांडीवर पुस्तक असे, पण माझं अर्धं लक्ष नाकाकडे असायचं. तेलाचा वास येतोय का, हे हुंगण्यात दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी प्रवासात एकही पुस्तक पुरं केलं नाही.

मग एका दिवशी पत्र आलं. परभणीकडच्या एका गावातल्या कॉलेजात ग्रंथपालाची कायम जागा. मुलाखत देऊन आठ महिने झाले होते, मी ती विसरून गेले होते. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं.

पप्पांनी पत्र दोनदा वाचलं. "जा," म्हणाले.

"आणि गाडी?"

"गाडीचं बघतो मी."

रविवारी आम्ही दोघं उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात मेकॅनिककडे गेलो. म्हातारा सिंधी माणूस. पप्पांना दादा म्हणे, पप्पा त्याला साईं म्हणत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, इंजिन किती तापलं त्याचा काटा गाडीत येतो. गिअरबॉक्सचा नाही येत. आपण लावू. काटा अर्ध्याच्या वर गेला की साइडला घ्यायची, गिअर न्यूट्रल, वीस मिनिटं चाय प्यायची. काटा खाली आला की चलो."

"म्हणजे बरोबर कुणी लागणार नाही?"

"काट्याला डोळे पाहिजेत, बस. तुमचे आहेत ना दोन?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आमचं ठरलं ते तिथेच. काटा चालला, की मी जायचं.

गिअरबॉक्सच्या तळाशी तेलाची कढईसारखी पेटी असते, तिला मेकॅनिक चेंबर म्हणतात. ते खोलून त्याला भोक पाडलं, शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून त्यावर आटे असलेला लोखंडी गोळा जोडून आणला. त्यात सेन्सर बसवायचा होता. बोटाच्या पेराएवढं पितळेचं बोंडूक. मेकॅनिक जेवायला आत गेला आणि पप्पा स्टुलावर बसले, चेंबर मांडीवर घेऊन, ताठ पाय पुढे सोडून. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पांढऱ्या टेफ्लॉन टेपचं रीळ कायम असे. स्टोअरमध्ये बसायला लागल्यावरही ते त्यांनी सोडलं नव्हतं.

"उघड्या आट्यावर भरवसा ठेवायचा नाही," ते म्हणाले. "तीस वर्षं पाइप जोडले. माझा जोड गळला असं कुणी म्हणून दाखवावं."

त्यांनी सेन्सरच्या आट्यांवर टेप गुंडाळली, एकावर एक, दहा-बारा वेढे. बोटं इतकी सराईत फिरत होती की मी बघत राहिले. अपघातानंतर त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं. शेवटी टेप मीच दातांनी तोडून दिली.

मेकॅनिकने चेंबर परत चढवलं. डॅशबोर्डखाली काटा बसवला. डॅशबोर्ड प्लास्टिकचा, म्हणून काट्याची काळी वायर त्याने आतल्या पत्र्याला स्क्रूने लावली, आधी तिथला रंग खरवडून. "प्लास्टिकला अर्थ कुठून मिळणार?" तो म्हणाला. अर्थ म्हणजे अर्थिंग, हे मला माहीत होतं. तरी तो शब्द कानाला वेगळा लागला. मग सेन्सरकडे जाणाऱ्या वायरचं टोक त्याने गाडीच्या लोखंडाला टेकवलं. काटा सरकन उजवीकडे लाल पट्ट्यात गेला. "देखा? जिंदा आहे." वायर सेन्सरला जोडल्यावर काटा डावीकडे जाऊन पडला. "गाडी थंडी आहे. चालली की चढेल."

सोमवारी काटा चढला नाही. मंगळवारी नाही. पप्पा दर सिग्नलला म्हणत, "बघ, थंड. तेल बदललं ना त्याने, त्याचा गुण." मी परभणीकडचं तिकीट काढलं, पुढच्या सोमवारचं.

बुधवारी संध्याकाळी एमआयडीसीच्या फाट्यावर ट्रकांच्या रांगेत आम्ही अर्धा तास अडकलो. आणि वास आला. दोन वर्षं ज्याची वाट बघत बसले होते तोच, करपलेल्या तेलाचा. मी काट्याकडे पाहिलं. काटा डावीकडे, निवांत.

पप्पा समोर बघत म्हणाले, "आज पुन्हा कुठल्यातरी कंपनीने सोडलंय काहीतरी."

आमच्या भागात कुठलाही वास आला की हेच म्हणायची सवय आहे, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

"हो," मी म्हणाले. "कंपनीचाच."

रांग हलली. गाडी त्या दिवशी बसली नाही.

दुसऱ्या दिवशी काट्याच्या खोक्यात मला घडी घातलेला कागद सापडला. छापील कागद वाचल्याशिवाय टाकणं मला जमत नाही. बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की सेन्सरला वायर एकच असते. विजेचा परतीचा रस्ता सेन्सरच्या आट्यांतून, चेंबरमधून, गाडीच्या लोखंडातून जातो. म्हणून आट्यांवर टेप गुंडाळू नये. रस्ता तुटला तर काटा थंडच दाखवेल.

मी कागद पुन्हा घडी करून खोक्यात ठेवला. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. दोन्ही दिवस गाडीत बसून मी काट्याकडे पाहत होते आणि तो खोटं बोलतोय हे मला माहीत होतं. हे सांगितलं, तर काटा खरा होईल. खरा काटा काय दाखवेल, याची भीती होती. न सांगता गेले, तर सुटले. पण सोमवारनंतर कधीतरी हा माणूस कुठल्यातरी रस्त्यावर एकटा बसून राहणार होता.

शनिवारी मी एकटीच मेकॅनिककडे गेले. टेपचं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

"अड़े, तभी! अर्थ नाही मिळत तर काटा काय करणार बेटा? टेप काढायची, तांब्याचं वॉशर टाकायचं. अर्ध्या तासाचं काम. पण दादांना तू सांग. मी सांगितलं तर बोलतील, सिंध्याने वाट लावली."

रविवारी सकाळी चहा पिताना मी सांगितलं.

"कुणी शोध लावला?" पप्पा म्हणाले.

"खोक्यातल्या कागदावर लिहिलंय."

"कागदाला काय जातंय लिहायला! उद्या तेल गळलं तर कागद येणार आहे का पुसायला?"

चहावर साय धरली.

"बुधवारी वास मलाही आला होता," ते म्हणाले.

"मग कंपनीचा का म्हणालात?"

"तू जाणार होतीस ना." त्यांनी साय बोटाने बाजूला केली. "तू हो का म्हणालीस?"

मी माझा कप विसळायला घेऊन गेले.

मेकॅनिकने तेल उतरवून सेन्सर काढून दिला. टेप पप्पांनी स्वतः सोडवली, नखाने, वेढ्यामागून वेढा. ती त्यांच्या पायाशी पडत गेली. कुणाला हात लावू दिला नाही. तांब्याचं वॉशर घालून सेन्सर पुन्हा बसला, तेल भरलं, आणि आम्ही घराकडे निघालो.

आता काटा जागा होता. उल्हासनगर सोडेपर्यंत तो पाव भागावर आला. रविवार असूनही अंबरनाथच्या अलीकडे वाहनं तुंबली होती. आम्ही थांबून राहिलो. काटा अर्ध्यावर आला, मग अर्ध्याच्या वर. अगदी हळू, घड्याळाचा तासकाटा सरकावा तसा. वास अजून आला नव्हता. काट्याला तो आधी कळला होता. पप्पांनी गाडी कडेला घेतली, गिअर न्यूट्रल केला. तरी काटा लाल पट्ट्याला जाऊन टेकला.

"हसतेस काय गं?" पप्पा म्हणाले.

मी हसत होते, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं.

"नाही पप्पा."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, नंतर काट्याकडे, नंतर पुन्हा माझ्याकडे. त्यांना कळलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. दोन वर्षं मी त्या गाडीत कोंडल्यासारखी बसले होते. सुटायचा दिवस उद्यावर आला होता. आणि काटा लालमध्ये गेल्यावर माझा जीव भांड्यात पडला होता. अनोळखी गाव, एकटीची खोली, आपल्याला कुणी ओळखत नाही असं कॉलेज. काटा चालला होता, म्हणजे ठरल्याप्रमाणे मी जायला हवं होतं; पण इतकी तापणारी गाडी पप्पांवर एकटी सोडता येत नाही, असं आता म्हणता येणार होतं, आणि यातलं काहीही करावं लागणार नव्हतं. आणि त्याला कारण मी नव्हते, गिअरबॉक्स होता.

पप्पांना जाऊन आता वर्ष होईल. भेटायला येणारे म्हणतात, बापासाठी थांबली पोरगी, सगळं सोडलं. मी त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवते. पप्पा असते तर या वाक्यावर काय म्हणाले असते, माहीत नाही. त्यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत तो विषय एकदाही काढला नाही. मीही काढला नाही.

त्या दिवशी मात्र आम्ही वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला बसून होतो. काटा उतरायला लागला, तेव्हा त्यांनी विचारलं, "उद्याचं तिकीट?"

"रद्द करते."

ते भांडतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी गिअर टाकला, आरशात मागे पाहिलं.

"तसंही तिकडे ओळखीचं कुणी नव्हतंच ना," ते म्हणाले.

"नव्हतं," मी म्हणाले.