संजनाने पाटी उचलली

लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नाही आणि पाळी तीन-तीन महिने चुकायची. पनवेलच्या कोळीवाड्यात संजनाच्या सासूने, गोदूबाईने, सुनेला दिवस गेले असं समजून दोनदा पेढे वाटले. दोन्ही वेळा घाई झाली. पोटात बाळ नव्हतंच. मग गोदूबाईने उपाय काढला: सुनेने दारोदार मासळी विकायची पाटी डोक्यावर उचलायची नाही, घरात बसायचं आणि डिंकाचे लाडू खायचे.

"अंगावर मांस नाय तं गर्भ कसा धरंल?" असं तिचं म्हणणं.

माया करूनही माणसं जीव नकोसा करतात. दीड वर्षात संजना त्र्याऐंशी किलोंची झाली. हनुवटीवर केस आले. ते ती कडी लावून उपटायची. पाळी तर आता सहा-सहा महिने फिरकेना. शेवटी एकोणीसशे त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर तिने नवऱ्याला, प्रदीपला, बंदरातल्या कामावर रजा टाकायला लावली आणि सोनोग्राफी करून घेतली.

"बीजकोशांत बारीक बारीक गाठी दिसताहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग जाडीनं ह्ये झालं, का ह्याच्यानं जाडी?"

"दोन्ही. हा आजार वजन वाढवतो आणि वाढलेलं वजन आजाराला बळ देतं. पण पाच-सहा किलो उतरले तरी पाळी ताळ्यावर येऊ शकते. रोज चाला. गोड बंद."

संजनाला रडू आलं, ते रागाचं. वाडीतल्या बायका वांझ म्हणाल्या ते तिने गिळलं होतं. पण चालण्याचं औषध तिच्याच डोक्यावरून उतरवून ठेवलं होतं! दुसऱ्या दिवशी तिने पाटी मागितली.

"लोक माज्या तोंडात शेण घालतील," गोदूबाई कडाडली. "आन वज्यानं काय झालं तं?"

"आई, बसून काय झालं त्ये बगितलं ना आपन?"

गोदूबाईने पाटी काढून दिली. मग म्हणाली, "होळीपावतर. पाळी नाय आली तं मंग मी सांगन तसं."

संजना कबूल झाली. मांदेली, कोलंबी घेऊन ती मुद्दाम लांबच्या आळ्या धरायची. पहिल्या आठवड्यात गुडघे बोलायला लागले. बायका हसायच्या, "पाटी तू नेतंस, का पाटी तुला?" ताटातला भात निम्मा झाला, आणि कोळ्याच्या पोरीला ही शिक्षाच. महिन्याने काटा फक्त एक किलो खाली आला. तिने घरी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी एक आळी वाढवली.

होळीला पाच दिवस राहिले तेव्हा ती सत्त्याहत्तरवर आली होती, पण पाळीचा पत्ता नव्हता. गोदूबाई बोटांवर दिवस मोजत होती. त्यातच एका सकाळी संजना मोरीतून बाहेर आली आणि दारातच थबकली.

"आई, पाळी आली."

"पाळी यायची गोळी घेतलीस?"

"नाय. आपली आपन आली."

सुनेला पाळी आली की आजवर गोदूबाईचं तोंड उतरायचं. आज ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. "मीच तुला बसवली गं पोरी. मीच."

संजनाचेही डोळे भरले. बाळाचं अजून काहीच ठरलं नव्हतं. होईल, न होईल. पण अंग तिचं होतं आणि ते तिचं ऐकायला लागलं होतं.

"आज तरी बस," गोदूबाई म्हणाली.

"आज तं नायच," संजना म्हणाली आणि पाटीखालची चुंबळ डोक्यावर ठेवली.