भाऊजींची चाकावरची पडवी

पृथ्वी गोल केल्याबद्दल आमच्या भाऊजींनी देवाला अजून माफ केलेलं नाही. सगळी नाही तरी निदान भोर आणि वेल्हे हे दोन तालुके त्याने सपाट करायला हवे होते, असं त्यांचं स्पष्ट मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली. डोंगरउतारावरची भातखाचरं मोजता मोजता डोक्यावरचे केस गेले, पुढे नोकरीही संपली, पण मोजणी काही सुटली नाही. आजही ते कुणाकडे गेले की पाणी पिण्याआधी भिंतीवरचा फोटो सरळ करतात. शर्टाच्या खिशात टेप आणि पिशवीत गवंड्यांकडे असते तशी बुडबुड्याची लेव्हल, ही त्यांची पूजेची उपकरणं. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना नवरदेवाचा पाट एका अंगाला कलल्याचं त्यांच्या लक्षात आलं. भटजी तिकडे ‘सावधान’ म्हणत होते आणि भाऊजी अंतरपाटाखालून ओणवे होऊन पाटाच्या पायाखाली लग्नपत्रिकेची घडी सरकवत होते. फोटोत जावयाच्या पायाशी जे टक्कल चमकतं आहे, ते त्यांचं. जावई मात्र अजून सांगतो, की तेवढ्या वेळात आपल्याला एकट्या त्या माणसाचाच काय तो आधार वाटला.

असा हा माणूस रिटायर झाल्यावर स्वस्थ बसेल अशी आशा कुणालाच नव्हती, पण ते शाळेची गाडी विकत घेतील असंही कुणाला वाटलं नव्हतं. मुलांची ने-आण करून थकलेली एक जुनी पिवळी गाडी त्यांनी घरासमोर आणून उभी केली, बाकडी काढून टाकली, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि वरून पांढरा रंग दिला. रंग एकाच हातात आटोपल्यामुळे उन्हात अजूनही ‘शाळा’ ही अक्षरं खालून डोकावतात, आणि सकाळच्या वेळी रस्त्याने निघालं की दप्तरवाली मुलं हात दाखवतात. भाऊजी प्रत्येक वेळी थांबून त्यांची माफी मागतात. त्यांनी या गाडीच्या प्रत्येक भागाला घरातलं नाव दिलं आहे. पलंगाची जागा ते माजघर, शेगडीचा तो ओटा, आणि गाडीच्या कुशीला गुंडाळून ठेवलेलं, हँडल फिरवलं की पापडासारखं सरसर बाहेर येणारं कापडी छप्पर ती पडवी. “पडवी काढतो” असं ते म्हणाले की भोरच्या गल्लीत लोक तोंड फिरवून हसायचे. मीही हसायचे, उगाच खोटं कशाला बोलू.

गाडी उभी करणं हा तर एक स्वतंत्र सोहळा. चारही चाकं एका पातळीत आल्याशिवाय कुणी चहाचं नाव काढायचं नाही. एकदा वेल्ह्याच्या रस्त्याला एका माळावर ते असेच टेप ताणून, चाकाखाली दगड सारत बसले होते. मोजणीसाहेबांना त्या भागातलं पोर न् पोर ओळखतं. टेप बघितल्याबरोबर दोन बांधांवरून दोन सख्खे भाऊ धावत आले. दोघांचं बोलणं बंद होतं, आणि मोजणीचा अर्ज दुसऱ्यानेच टाकला याबद्दल दोघांचीही खात्री होती. “सायेब, कुनाची मोजनी हाय?” धाकटा दम खात म्हणाला. भाऊजींनी त्यांना आपण फक्त गाडी उभी करतो आहोत हे परोपरीने सांगितलं. दोघांचाही विश्वास बसला नाही, पण साहेब एकदाचे आटोपून जावेत म्हणून दोघं मिळून दगड उचलू लागले. एवढं होऊनही बुडबुडा मध्यावर यायच्या आत दिवस मावळला, आणि चहा घरी येऊन प्यावा लागला.

आता हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं की भाऊजी म्हणत, मला जग बघायचं आहे. हे साफ खोटं होतं. जगात बघण्यासारखं काय आहे ते त्यांनी मोजताना बघितलेलं होतं. खरं कारण माझी ताई होती. ताईच्या भोरच्या घराला रस्त्याकडेला पडवी आहे. दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावून ताई पडवीत येऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायची. आमच्या आईची शिकवण होती, की दिवेलागणीला दारात टेकलेलं माणूस चहाशिवाय उठू द्यायचं नाही. ताईने ती इतकी मनावर घेतली होती, की काही माणसं मुद्दाम त्या वेळेला तिच्या दारावरून जायची. अशाच एका संध्याकाळी ती चहाचा ट्रे घेऊन पडवीची पायरी उतरत होती आणि लाईट गेली. पायरी चुकली, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण दिवस कलला की ताई आत जायची ती सकाळीच बाहेर यायची. दिवसा बाजारात जायची, देवळात जायची, मात्र संध्याकाळी पडवीचं दार तिने लावून घेतलं ते घेतलंच. भाऊजींनी इन्व्हर्टर बसवला, मोठा दिवा लावला, पायरीला कठडा केला. ताई म्हणायची, “मला इथूनच दिसतंय सगळं.” आणि तिला काहीच दिसत नसायचं, कारण ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. एवढं बोलकं माणूस मुकं झालं होतं.

तिला ती पायरीच नको होती. तेव्हा दुसरी पडवी आणि दुसरी पायरी आणायची, असं भाऊजींनी मनाशी ठरवलं असावं. मला त्याचा पत्ता लागला तो त्यांना देवघराचा उंबरा मोजताना पकडलं तेव्हा. त्या उंबऱ्यावर ताई कधीच अडखळत नसे. तो ती न बघता ओलांडायची. भाऊजींनी त्याच उंचीच्या लाकडी पायऱ्या गाडीच्या दाराशी केल्या. “मेहुणीबाई, कुणाला बोलू नका,” ते हळूच म्हणाले, “तिच्या डोक्याला भीती वाटते. पायाला नाही वाटत.” त्या दिवसापासून मी पडवीला हसणं बंद केलं.

पायऱ्या झाल्या, राहिला उजेड. गाडीच्या पडवीखाली एलईडीची पट्टी लावायची, म्हणजे पायरीवर सावली पडणार नाही, असं त्यांनी मोबाईलवर बघून ठरवलं. पहिला प्रयोग आंबवड्याला झाला. देवळाच्या अलीकडे गाडी उभी राहिली, पडवी बाहेर आली आणि ट्यूबलाईटसारखी लख्ख पांढरी पट्टी पेटली. पेटल्याबरोबर पंचक्रोशीतले सगळे किडे जेवायला आले. त्यातच पट्टीच्या पाठीचा डिंक छपराच्या कापडाला धरेना. आमचा पहिला घास होतो न होतो तोच ती एका टोकाने सुटली आणि पेटलेलीच माझ्या पिठल्यात उतरली. भाऊजी तिला पुसत म्हणाले, “वॉटरप्रूफ आहे, बघितलंत?” मी पिठलं टाकून दिलं. ताई आतच पलंगावर बसून जेवली. दारापर्यंत आली, पायरीकडे बघितलं, आणि पदराने तोंड पुसत परत फिरली. परतीच्या वाटेवर तिरका माईलस्टोन दिसला तरी भाऊजींनी गाडी थांबवली नाही, तेव्हा मात्र मला त्यांची काळजी वाटली.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पट्टीसाठी ॲल्युमिनियमची पन्हळ आणून पडवीच्या दांडीला स्क्रूने पक्की केली. किडे पिवळ्या उजेडाला कमी येतात हेही वाचलं. कापूरहोळला ट्रकांना रंगीबेरंगी दिवे लावून देणारा एक दुकानदार आहे. त्याच्याकडे पिवळ्या रंगाची चौकशी केली. तो म्हणाला, “काका, ह्यात सगळे रंग येत्यात. रिमोटवर नाचत्यात बी.” भाऊजींनी त्याला सांगितलं, की आपल्याला एकच रंग हवा आहे आणि तो उभा राहिलेला हवा आहे. दुकानदाराने पट्टी बसवून दिली, बॅटरीला जोडली, पिवळी करून दाखवली. मग काही राहून गेलं असं गिऱ्हाइकाने म्हणू नये म्हणून सगळे नाच दाखवले. आम्ही निघालो. रिमोट त्याच्या काउंटरवरच राहिला.

हे कळलं ते विंझर ओलांडून रस्त्याकडेच्या एका मोकळ्या जागेत गाडी उभी केल्यावर. भाताची काढणी झालेली, खाचरं रिकामी, हवेत गारवा. बुडबुडा त्या दिवशी चटकन मध्यावर आला, त्यामुळे भाऊजी खुशीत होते. दिवेलागण झाली. ताई माजघरात बसली होती. भाऊजींनी पडवी काढली, खुर्च्या मांडल्या, मला उगाच खाकरून सावध केलं आणि बटण दाबलं. पट्टी लाल झाली. मग हिरवी, मग निळी, मग जांभळी होऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळत सुटली. दुकानदाराने दाखवलेला शेवटचा नाच तिने लक्षात ठेवला होता. भाऊजींनी सगळे खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, टेप सापडला, लेव्हल सापडली. ते बटण बंद करून परत लावत राहिले, पण अंधार नाहीतर नाच याखेरीज तिसरा पर्याय निघेना. शेवटी नाच चालू ठेवून ते डोक्याला हात लावून बसले.

आता संध्याकाळी रस्त्याकडेला गाडी, तिला छप्पर, छपराखाली नाचते दिवे आणि खुर्च्या मांडलेल्या, याचा अर्थ आपल्याकडे एकच होतो. आधी मोटारसायकलवरचे दोघं थांबले आणि हाफ मंचुरियन मिळेल का म्हणाले. त्यांना कशीबशी वाटेला लावतो तोच एसटीतून उतरलेलं एक म्हातारं जोडपं सरळ येऊन खुर्च्यांवर टेकलं. दोघं नसरापूरच्या बाजारातून येत होती. आतल्या वाडीवरून मुलगा न्यायला यायचा होता. म्हाताऱ्याने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि काय काय हाय, असं विचारलं. भाऊजींना वाटलं, गाडीची चौकशी चालली आहे. त्यांची कळी खुलली आणि त्यांनी बॅटरी, पाण्याची टाकी, ॲल्युमिनियमची पन्हळ असं सगळं यथासांग सांगितलं. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. “ते ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला, “खायाला काय हाय?”

भाऊजींचा चेहरा पडला. हे दुकान नाही हे पाहुण्यांना न दुखावता कसं सांगावं ते त्यांना सुचेना, आणि मला तर हसू आवरेना. म्हातारी समजली. ती पिशवी उचलत नवऱ्याला म्हणाली, “उठा आता. त्येंचं अजून चालू न्हाई जालं.” आणि गाडीच्या आतून ताईचा आवाज आला, पूर्वीचा, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

“उठू नका. चहा टाकलाय.”

आत भांडी वाजली, आल्याचा वास आला. मग ताई दारात उभी राहिली. दोन्ही हातांत ट्रे होता, चार कप आणि बशीत आदल्या दिवशीचे शंकरपाळे. म्हणजे धरायला हात मोकळा नव्हता. भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. मी देवाचं नाव घ्यायला गेले, तर एकही देव आठवेना. ताईने पायरीकडे बघितलंच नाही. ती म्हातारीकडे बघत होती. एक पाय खाली, मग दुसरा. पुढच्या पायरीवर परत तसंच. लाल, हिरवे, निळे दिवे तिच्या पातळावरून पळत होते, आणि ती मातीवर उतरून, कप पुढे करत, म्हातारीला विचारत होती, की साखर चालते ना.

माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस तो वर कुठेतरी टांगलेला होता हेही मला तेव्हाच कळलं. मी तोंड फिरवून डोळे पुसले. भाऊजी शेजारी उभे राहून नाक ओढत होते आणि गारठा फार पडला असं सांगत होते. म्हातारीने कपातला चहा बशीत ओतून फुर्र केला, वर नाचणाऱ्या पट्टीकडे बघितलं आणि म्हणाली, “पडवी लई ग्वाड हाय तुमची.” तिला तो शब्द कुणीही सांगितला नव्हता. भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू आयुष्यभर मोजलेल्या सगळ्या हद्दी आज एकदम कायम झाल्या. मुलगा न्यायला आला तेव्हा म्हातारा पैसे काढू लागला. ताई त्याला रागावली आणि परत याच रस्त्याने जाल तेव्हा थांबा म्हणाली, जणू आम्ही तिथे रोजच असणार होतो.

रिमोट दुसऱ्या दिवशी परत मिळाला. पट्टी आता पिवळी आणि अगदी स्थिर जळते. भोरच्या घराची पडवीही संध्याकाळी उघडी असते, आणि चहाच्या वेळेला त्या दारावरून जाणारी माणसं परत वाढली आहेत. महिन्यातून एखाद्या वेळी ते मलाही गाडीत घालतात आणि आम्ही तिघं वेल्ह्याच्या रस्त्याला जातो. भाऊजी आता थकले आहेत. चाकाखालचा दगड पहिल्यासारखा एका दमात सरकत नाही, आणि बुडबुडा मध्यावर आला नाही तर ते क्वचित चालवूनही घेतात, हे मला जरा लागतं. पण एक नेम त्यांनी मोडलेला नाही. दिवेलागणीला ताई दारात आली, की ते पट्टी तपासण्याच्या निमित्ताने पायरीपाशी जाऊन उभे राहतात, एक हात वर दांडीला आणि दुसरा उगाच पुढे केलेला. ताईच्या दोन्ही हातांत ट्रे असतो, तेव्हा तो हात तिच्या कधीच उपयोगी पडत नाही.

परवा चहा मी केला होता. ताई रिकाम्या हातांनी दारात आली. पायऱ्या आता ती डोळे मिटूनही उतरेल. तरी तिने भाऊजींचा तो पुढे केलेला हात धरला, खाली उतरली आणि उतरल्यावरही सोडला नाही. वर बघत म्हणाली, “पट्टी सरळ आहे ना हो?”

“उजवीकडे सूतभर उतरलीय,” भाऊजी म्हणाले.

“असू दे,” ताई म्हणाली. भाऊजींनी कधी नव्हे ते असू दिलं, आणि दोघं तशीच पिवळ्या उजेडात उभी राहिली. माझा चहा निवत चालला होता, पण मी हाक मारली नाही.