पहिल्या नंबरचा ग्युतेक

सोलच्या या चढावर मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना ठेवून घेते, जेवू घालते. पण इतका कष्टाळू आणि इतका बावळट असा एकच पोरगा पाहिला. ग्युतेक.

बापाची सफरचंदाची बाग. ग्युतेक संख्याशास्त्रात दोनदा आपटला, तेव्हा बापाने बजावलं, "आता नापास झालास तर सामान बांध आणि बागेत ये." मग याने फोनमध्ये अभ्यासाचं घड्याळ घेतलं. ते चालू केलं की बाकी सगळं बंद. ना निरोप दिसत, ना फोन वाजत. कोण किती वेळ बसला ते हे घड्याळ लावणाऱ्या पोरांच्या गटात सगळ्यांना दिसतं, आणि आठवड्याला जो शेवटचा, त्याला हाकलतात. सोय चांगली होती हो. पण आमच्या शहाण्याचं डोळा लागेपर्यंत घड्याळ, डोळा उघडला की घड्याळ. जेवायला हाक मारली की वरून ओरडायचा, "मावशी, घड्याळ थांबेल!"

"थांबू दे! इथे सूप गार होतंय!"

सूप गारच व्हायचं. आळशी असता तर मी एवढी चिडले नसते.

परीक्षेच्या दिवशी नेमका माझा वाढदिवस होता. आमच्याकडे वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप हवंच. पण शेवाळ बुळबुळीत. परीक्षेला जाणाऱ्याने खाल्लं तर तो घसरतो म्हणतात. म्हणून मुकाट्याने मुळ्याचं केलं. पेपर दुपारी होता. सकाळीच त्याच्या वर्गातल्या, समोरच्या खोलीतल्या दुहानने त्याचं दार वाजवलं.

"अरे, निघायचं नाही का?"

"तू हो पुढे! पहिला नंबर येतोय माझा, मध्ये बोलू नकोस!"

"मर तिकडे!" म्हणत दुहान जिना उतरला. मला वाटलं, वाचनालयात चालला असेल.

दुपारी ग्युतेक दाढी करून, पेन्सिलींना टोक काढून खाली आला. बूट घालतोय तोच दुहान दारात.

"कुठे निघालास?"

"पेपरला."

"पेपर सकाळीच झाला. दुपारी वीज जाणार म्हणून सरांनी वेळ बदलली. काल संध्याकाळी निरोप टाकला होता त्यांनी. मला वाटलं, तू मागून येशील."

ग्युतेकने खिशातून फोन काढला. घड्याळ काल दुपारपासून चालूच होतं, रात्रभर जागून. त्याने ते थांबवलं, तसे निरोप धडाधड येऊन पडले. सगळ्यात वर गटाचं अभिनंदन: या आठवड्याचा पहिला नंबर.

मी हातातली पळी आपटली. "अरे, बैलसुद्धा हाक मारली की मान वर करतो!"

"मावशी," तो म्हणाला, "या वेळी मला सगळं येत होतं."

मी संताप गिळला आणि शेवाळ भिजत घातलं. संध्याकाळी वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"खा. आता कुठे घसरणार आहेस?"

तो खाली मान घालून सूप प्यायला लागला. तेवढ्यात टेबलावर फोन वाजला. बाप होता, पेपर कसा गेला ते विचारायला. घड्याळ बंद होतं, तरी ग्युतेकने फोन उचलला नाही.