तांबेरा पुसलेलं नेचं

पस्तीस सालाच्या आसपास मी पुण्याच्या एका कॉलेजात वाळवलेल्या वनस्पतींचं कपाट सांभाळायचो. जाड कागदावर एकेक रोप चिकटवलेलं, कोपऱ्यात चिठ्ठी: कुठं मिळालं, कुणी आणलं. त्यात एका नेच्याचे बरेच कागद होते. सगळे चीन-जपानकडचे; एकाच चिठ्ठीवर लिहिलेलं, 'भोर संस्थानचे डोंगर'. आमचे प्राध्यापक म्हणाले, "चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय. दिवाळीनंतर ही नोंद खोडून टाकू." मला काही चैन पडेना. जपानातलं नेचं आपल्याकडं करतंय काय? आणि खरंच असेल, तर न बघता खोडायचं कसं? मी मुळातच हेकट.

भाद्रपदात मी भोरच्या डोंगरात गेलो आणि पासली गावाच्या वरच्या घळीत ते मला सापडलं. एकच गड्डा, जून पानं पाचच. जातीची ओळख पटते ती पानामागच्या तपकिरी ठिपक्यांवरून, आणि ठिपके भरगच्च होते. पानं कागदांत घालून खाली आलो. ज्या मावशींकडं माझा मुक्काम होता त्यांना बजावलं, "चुलीजवळ ठेवा, रोज कागद बदला, पानं स्वच्छ राहू द्या." आणि दोन दिवस पलीकडच्या डोंगरावर गेलो.

परतून पाहतो तर पानांची मागची बाजू लख्ख.

"तांबेरा पडला हुता, मास्तर," मावशी म्हणाल्या. "वल्ल्या फडक्यानं पुसून काढला. लई चिवट."

माझं डोकंच फिरलं. सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवलंत, म्हणालो. नको नको ते बोललो. मग उतरंडीमागून मावशींनी पाचवं पान काढलं.

"ह्ये तसंच ठिवलंय. रोग किती हुता ते तुमास्नी दावाया. न्हाईतर म्या काय काम केलं ते कसं कळावं?"

ठिपके जागच्या जागी होते. मी पान घेतलं. माफी मात्र मागितली नाही, जीभच रेटेना.

प्राध्यापकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि जुनी नोंद तशीच ठेवली. नव्या कागदावर मी पाचही पानं चिकटवली. 'कुणी आणलं' यापुढं माझं नाव लिहिलं. खाली मावशींचंही लिहावं असं मनात आलं, लाज वाटली म्हणून. पण चार दिवस त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, वर त्यांच्यावर ओरडलो, आणि नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.