दादाच्या हाताची जॉयस्टिक

आधी शपथ घ्या, यातलं एक अक्षर माझ्या बायकोच्या कानावर जाणार नाही. तिला मी सांगितलंय की जॉयस्टिक बनवणारा गाढव निघाला. तो नव्हता. गाढव कोण ते ऐकाल शेवटी. चहा मात्र कडक होऊ दे, साखर नको, गोष्ट काही गोड नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी सांगलीत पॉलिटेक्निकला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी, आरशात कशी, हे गेली वीस वर्षं पोरांच्या डोक्यात भरतोय. कुणाचं डावं-उजवं चुकलं की शीट तोंडावर फेकतो. हे ध्यानात ठेवा. पुढे माझ्याविरुद्ध उपयोगी पडेल.

माझा थोरला भाऊ, दिनकरदादा, पाटणकडे गावी असतो. ऊस, दोन म्हशी आणि वहिनी. मी वर्षातून एकदा यात्रेला जातो. संध्याकाळी पोचायचं, मटणाचं जेवायचं, सकाळी उठून परत. याला आमच्यात नातं टिकवणं म्हणतात.

तर दिवाळीला दादाचा फोन. नवीन टीव्ही घेतला होता. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि एकदम म्हणतो,

"संज्या, आपल्या टायमाची ती गेमची मिशिन असती का रं अजून? दांडी न् बटनांची?"

"आता घरच्या टीव्हीला जोडता येते, दादा. का?"

"काय न्हाई. लय दिस झालं. एकदा खेळावं वाटतंय."

सव्वीस वर्षांत दादाने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट! तुम्हाला वाटेल, त्यात काय एवढं? थांबा. मागचं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

पाटणच्या स्टँडमागे पत्र्याच्या शेडमध्ये गेमची तीन मशिनं होती आणि दादा तिथला राजा होता. एका नाण्यात अख्खा गेम संपवायचा. शेडचा मालक त्याला बघून कपाळाला हात लावायचा. मी बारावीत, दादा मिलिटरीच्या भरतीच्या तयारीत. पळण्यात, उंचीत, छातीत, सगळ्यात बसत होता. हंगामाला आमचं गुऱ्हाळ चालायचं. त्या दिवशी चरकात ऊस घालायची पाळी माझी होती. मला काय झालं होतं कोण जाणे, गेमची तलफ आली. दादाला म्हणालो, "दादा, एवढं बघ, मी आलोच." दादा म्हणाला, "जा, पन बिगी बिगी ये."

मी दिवस मावळल्यावर आलो. तोवर चरकात दादाच्या एका हाताची मधली तीन बोटं गेली होती. बोटांबरोबर भरती गेली.

आणि दादाने घरी काय सांगितलं? "पाळी माझीच हुती." बस. आईबाप गेले तरी त्यांना खरं कळलं नाही. मला एक शब्द बोलला नाही. एकदा तरी मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं हो!

म्हणून जॉयस्टिक, म्हणजे टीव्हीला जोडायचा दांडी-बटणांचा डबा. माफी मागायची नाही आणि माफी तर मिळवायची, तीही चकचकीत कागदात गुंडाळून, असा माझा बेत. हुशार माणूस!

सांगलीतल्या एका दुकानात गेलो. तिथल्या माणसाने प्रश्नांची फैर झाडली. दांडीला गोल मूठ की लांब? दांडी ज्या चौकटीत फिरते ती चौकोनी की अष्टकोनी? बटणं सहा की आठ? टकटक वाजणारी की मुकी? मला वाटलं आता पत्रिका, रास, नाडी पण विचारतो. मी म्हटलं, "अहो, जुन्या शेडमध्ये होती तशी द्या." त्याने एक समोर ठेवली. डाव्या हाताला दांडी, उजव्या हाताला बटणं.

"सगळ्या अशाच असतात?"

"सगळ्या अशाच असतात, सर."

तेव्हा माझी अक्कल पाजळली. बटणं दाबायला पाच बोटांचा हात पाहिजे. दांडी काय, अंगठा आणि करंगळीतही धरता येते. म्हणजे दादाचा चांगला हात बटणांवर यायला हवा आणि अधू हात दांडीवर.

अधू हात कुठला?

मी दुकानात उभ्या उभ्या डोळे मिटले. दादाची टोपी दिसली. मिशा दिसल्या. खांद्यावरून पुढे सोडलेला टॉवेल दिसला आणि हात टॉवेलखाली. सव्वीस वर्षं तो हात टॉवेलखाली! आणि खरं सांगू? टॉवेल नसता तरी मी बघितलं नसतं. दादा समोर जेवायला बसला की मी माझ्या ताटात बघायचो. बोलायला लागला की म्हशींकडे.

आता विचारणार कुणाला? सख्ख्या भावाचा कुठला हात गेला, हे विचारायला तोंड कुठून आणायचं? मग मी गुप्तहेर झालो. दादाला फोन लावला.

"दादा, तू घड्याळ कुठल्या हातात घालतोस?"

"घड्याळ कवाच सोडलं. मोबाईल हाय की. का रं?"

"सहज."

"सहज कोन घड्याळाचा हात इचारतंय? तब्येत बरी हाय न्हवं तुझी?"

तो डाव फसला. दुसऱ्या दिवशी वहिनीला गाठलं.

"वहिनी, दादा चमच्याने जेवतो का हो?"

"व्हय भावजी, आता चमचाच लागतोय. त्येंचं काय झालंय…"

"बरं बरं!" म्हणून मी फोन ठेवलासुद्धा. पुरावा मिळाला होता! चमचा का लागतो? उजव्या हाताला बोटं नाहीत म्हणून! पुढचं ऐकायची गरजच काय?

तरी मी मास्तर माणूस, दोन पुरावे हवेत. दादाने मागे एकदा स्वतःच काढून पाठवलेला फोटो मोबाईलमध्ये सापडला. गावच्या पाण्याच्या टाकीपुढे उभा, हात वर केलेला, वाऱ्याने टॉवेल उडालेला. मी हात मोठा करून बघितला. अंगठा, करंगळी, मध्ये मोकळं. आणि हात उजवा. शिक्कामोर्तब!

म्हणजे उलटी जॉयस्टिक पाहिजे. उजवीकडे दांडी, डावीकडे बटणं. अशी तयार मिळत नाही. करून घ्यायला गेलो मिरजेला, सलीमभाईंकडे. घराणं सतारी बनवणारं, पण हल्ली सतारीच्या जोडीने हे गेमचे लाकडी डबेही करतात. काम असं की नजर हटू नये.

सलीमभाई म्हणाले, "भावाला घेऊन या. हात बघितल्याबिगर मी काम करत न्हाई. डावखुऱ्याची सतार असली तरी वादकाला समोर बसवतो मी."

"त्यांना वेळ नसतो. तुम्ही करा."

"नक्की उजवाच हात ना, साहेब?"

"उजवाच."

निघताना दाराशी परत विचारलं. आठ दिवसांनी फोन करून तिसऱ्यांदा विचारलं, "साहेब, आता लाकडाला भोकं पाडतोय. मग बदलता यायचं न्हाई. नक्की ना?"

मी चिडलो. "सलीमभाई, माझा सख्खा भाऊ आहे तो! एवढंही मला माहीत नसेल का?"

डबा काय झाला होता म्हणून सांगू! सागवानी, कडा हाताला लोण्यासारख्या, दांडीला लाल मूठ. यात्रेला घेऊन गेलो. बायकोला परीक्षेची ड्यूटी होती म्हणून ती आली नाही, तेवढाच देव पावला.

द्यायचं ते गुपचूप द्यावं की नाही? नाही! मला चार माणसांत द्यायचं होतं. जेवणं झाली, घराच्या पुढच्या सोप्यात मामा, वहिनीचे भाऊ, शेजारीपाजारी, सगळे पाव्हणे बसलेले. मी उठलो. टॉवेल-टोपी दिली, नारळ दिला आणि वर डबा ठेवला. "दादा, तुझ्यासाठी मुद्दाम करून घेतलाय. तुझ्या हाताच्या मापाने."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. रस्सा तिखट होता म्हणा, पण मी ते माझ्या खात्यावर जमा केलं.

टीव्हीला सगळं जोडलं. दादा पाटावर बसला. खांद्यावरचा टॉवेल त्याने काढला आणि बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्यादेखत. डबा मांडीवर घेतला. मी कुठे बघत होतो? टीव्हीकडे! सवय! सोपा गप्प झाला म्हणून खाली बघितलं.

दादाचा उजवा हात दांडीवर होता. पाचही बोटं शाबूत. आणि सहा बटणांवर अंगठा आणि करंगळी घेऊन डावा हात थांबला होता.

डावा होता हो. डावा!

"आवं, ह्ये उलटं हाय की!" वहिनी म्हणाली.

दादाने माझ्याकडे बघितलं. निमिषभर. त्याला सगळं कळलं, घड्याळसुद्धा कळलं. मग मोठ्याने म्हणाला, "दुकानदारानं चुकीचं दिलं बग. बदलून देत्याल."

आणि मी? इथे तरी माणसासारखं वागावं की नाही? मी म्हणालो, "तर काय! गाढव आहे लेकाचा."

मामा तापले. "लाव फोन त्येला! सणाच्या दिवशी मानसाची चेष्टा करतंय व्हय?" डब्याच्या तळाला सलीमभाईंचा नंबर होता. मी "राहू दे, मी बघतो नंतर" म्हणेपर्यंत वहिनीच्या भावाने तो लावून स्पीकरवर टाकलासुद्धा. मामांनी दोन शिव्या घातल्या. पलीकडून शांत आवाज आला.

"मामा, मी तीनदा विचारलं हो साहेबांना. भावाला आणा म्हटलं, आणलं न्हाई. नक्की उजवाच का म्हटलं, तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, माझा सख्खा भाऊ आहे तो, एवढंही मला माहीत नसेल का?"

वीस माणसं होती सोप्यात. बाहेर ढोल वाजत होता, तो ऐकू यायला लागला.

वहिनी हळूच म्हणाली, "म्हनून चमच्याचं इचारलंसा व्हय, भावजी? शुगर निघालीया त्यांची. दलिया खात्यात. सांगत हुते तर तुमी फोनच ठेवलासा."

शुगर. तेही मला माहीत नव्हतं.

मी खाली मान घालून मोबाईल काढला. तो फोटो उघडला. या वेळी हात मोठा केला नाही, अख्खा फोटो बघितला. मागे टाकीवर गावाचं नाव होतं. सगळी अक्षरं उलटी! पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला, आरशासारखा उलटा फोटो. गावातल्या शेंबड्या पोरानेही ओळखला असता, ड्रॉइंगच्या मास्तराने नाही ओळखला! आणि वर ऐका. सांगलीच्या दुकानात तयार होती ना, सगळ्यांसारखी, डावीकडे दांडी, उजवीकडे बटणं? ती दादाला जशीच्या तशी बसली असती.

दादाने फोन हातात घेतला. "चाचा, चूक तुमची न्हाई. डबा झ्याक झालाय." फोन ठेवला आणि पाव्हण्यांकडे वळून हसला. "कायबी बोलतंय त्ये. आमचा संज्या असं करंल व्हय?"

झालं. परत माझ्या जागी तोच उभा. परत पाळी त्याचीच.

मग त्याने काय केलं ठाऊक आहे? डबा गोल फिरवला. पलीकडची कड पोटाकडे घेतली. आता दांडी डावीकडे आली, बटणं उजवीकडे! पण दिशाही उलट्या झाल्या की! दांडी पुढे ढकलली की टीव्हीतला गडी खाली बसायचा, डावीकडे ओढली की उजवीकडे पळायचा. दोनदा मेला. पाव्हणे फिदीफिदी हसले. तिसऱ्यांदा दादाने जीभ दातांत धरली, शेडमध्ये धरायचा तशी, अंगठा आणि करंगळीत ती लाल मूठ पकडली, आणि जो सुटला! एक टप्पा, दोन टप्पे, तीन. मामा शिट्ट्या मारायला लागले. उलट्या डब्यावर, दोन बोटांनी! आणि दादा खदाखदा हसत होता. असं हसताना मी त्याला गुऱ्हाळानंतर बघितलं नव्हतं.

मी त्या हाताकडे बघत होतो. अगदी नीट. घट्टे पडलेत तिथे, जुने, पिवळे.

चौथ्या टप्प्याला त्याचा गडी पडला. दादा पाटावरून सरकला, शेजारची जागा थोपटली आणि म्हणाला,

"चल संज्या. आता तुझी पाळी."

बसायचं होतं हो फक्त! दुसरं काही नाही. पाटावर बसायचं, हरायचं आणि हसायचं. पण पाव्हणे बघत होते, आणि तोंडातून निघून गेलं,

"दादा, तू खेळ. मी आलोच."

बोललो आणि मला ऐकू आलं, मी काय बोललो ते. दादालाही ऐकू आलं. त्याने मान वर केली नाही. डबा नीट मांडीवर घेतला आणि हळू म्हणाला,

"जा. पन ह्या टायमाला ये रं."

मी चपला घातल्या, गाडी काढली आणि थेट सांगली गाठली. त्याला आता तीन महिने झाले.