मामांचं हॉलंडातलं गाव

हॉलंडातल्या एका चिमुकल्या गावाची जेवढी माहिती आमच्या मामेसासऱ्यांना आहे, तेवढी खुद्द त्या गावच्या सरपंचालाही नसेल. आणि त्यातली निम्मी मला पाठ झाली आहे, हे माझं नशीब. मामा राहतात मालवणजवळ. दम्यामुळे डॉक्टरांनी विमान वर्ज्य केलेलं, आणि एरवीही गोव्यापलीकडे ते कधी गेले नाहीत. एकुलती एक लेक, सुमन, नोकरीसाठी त्या गावात जाऊन राहिली आणि तिच्याकडून फोनवर ऐकून ऐकून ते गाव मामांच्या अंगात आलं. त्याचं नाव घेताना घशात बांगड्याचा काटा अडकल्यासारखा आवाज काढावा लागतो, तो ते न चुकता काढतात. गाव समुद्राच्या पातळीखाली, भोवती मातीचा बंधारा, तीन कालवे, एक पवनचक्की. पूर्वी लोक मासे खारवायचे. एका महापुरात गाव चर्चसकट वाहून गेलं, तर पठ्ठ्यांनी पुन्हा तिथंच बांधलं! मी बाजारात सुरमईचा भाव करत असलो, की मामा मागून येऊन हे सगळं कोळणीला ऐकवतात. तीही माझ्यासारखं गिऱ्हाईक सोडून "अरे देवा, मगे?" करत बसते. बरं, स्वतःच्या गावातलं पोस्ट कुठे हललं ते विचारा, पत्ता नाही!

गेल्या वर्षी मी विहीर खणायला काढली. कुदळ मारण्याआधी वडीलधाऱ्यानं देवाला गाऱ्हाणं घालायचं, म्हणून मामांना पुढे केलं. चुकलंच माझं. "बा देवा महाराजा, ह्या जावयाच्या इहिरीक पाणी लागांदे," इथवर ठीक होतं. जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. लगेच पुढे, "आणि सुमनच्या गावच्या उत्तरेच्या बंधाऱ्याक भगदाड पडूक देव नको, मधल्या कालव्याचा पाणी रस्त्यार येव नको, चक्कीवाल्याचा बरा कर रे महाराजा!" "व्हय महाराजा!" शेजारच्या म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "चक्कीवालो खंयच्या वाडीतलो?" काय सांगणार, कपाळ! माझ्या विहिरीला खडक लागला. हॉलंडातला बंधारा मात्र शाबूत आहे.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर मामा ओसरीवर पेज समोर ठेवून नुसते बसलेले. आदल्या दिवशी सुमनचा फोन आला होता. तिनं घर बदललं, आता ती लांबच्या दुसऱ्या गावात राहणार. तिथं बंधारा नाही, कालवा नाही, जमीनही चांगली उंचावर.

"बरा झाला मामा, पुराची भीती गेली," मी म्हटलं.

मामा म्हणाले, "जावयबापू, माझा चेडू सुमन सायकलीर बसला की माका हयसून दिसा. चक्की गेली, पूल इलो, आता डावीकडे वळात. रोज तेका कामार पोचवन मगे मी पेज जेवय. आता ता खंयच्या वाटेन जायत, माका काय ठावक?"

इतक्या वर्षांचा माझा वैताग कुठल्या कुठे गेला. खरं सांगतो, रडूच आलं. समोर पेजेचं ताट तसंच निवत होतं. मी मोबाइलवर नकाशा उघडला, चष्मा पुसला आणि त्यांच्या शेजारी सरकून बसलो.

"मामा, त्या नव्या गावाचा नाव सांगा बघूया."