गफूरचाचांची उपाशी झाडं

गफूरचाचा आपल्या झाडांना पाणी घालत नसत, आणि दुसऱ्या कुणी घातलं तर त्याच्या अंगावर धावून जात. लग्न होऊन चिंचवडात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी हे पाहिलं. शेजारच्या अंगणात एक काळा कातळ आणि त्यावर सुरकुतलेल्या, बिनपानांच्या कांड्या. म्हटलं, काय माणूस तरी! बांडगुळं पाळतो, आणि तीही उपाशी मारतो.

चाचा पाथरवट. पिंपरीच्या नव्या कारखान्याच्या पायासाठी टेकडी फोडत होते, तिथे त्यांची छिन्नी चाले. सुरुंग लागायच्या आधी त्यांनी खडकावरचे हे आठ झुबके अलगद सोडवले आणि घरी आणून काथ्यानं कातळाला बांधले. मुळांनी दगड धरला. या झाडांना आमरी, म्हणजे ऑर्किड, म्हणतात हे मला पुढे कळलं. माघात पांढरी फुलं यायची. टेकडी केव्हाच जमीनदोस्त झाली होती. तिचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"चैत-वैशाखात त्यांचे रोजे असत्यात, सूनबाई," ते म्हणत. "मिरगाला सुटत्यात. तवर पानी दाखवायचं न्हाई."

त्या वैशाखात लेक आजारी पडली म्हणून ते तळेगावला गेले. "शेळ्या तेवढ्या हाकला," एवढंच मला बजावलं. इकडे त्या कांड्या बघून माझाच घसा कोरडा पडे. आणि रोजा झाला तरी संध्याकाळी सोडतातच की! मी रोज दिवेलागणीला कळशीभर पाणी घालू लागले, वर पुण्य लागतंय या आनंदात.

पंधराव्या दिवशी एक कांडी दाबली, तर बोट आत गेलं. कुजका वास आला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं चाचा यायचे होते. आमचे हे म्हणाले, "उन्हानं गेली म्हण. कोण विचारतंय?"

चाचा आले ते पिशवी हातात तशीच धरून कातळापाशी बसले. मी कुंपणाशी.

"उन्हानं..." मी म्हणाले.

त्यांनी कांडी चिमटीत धरली. पाणी त्यांच्या बोटांवर ओघळलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मला रडूच कोसळलं. "मी घातलं, चाचा. रोज संध्याकाळी. रोजा सोडायला."

ते चाकूनं सडका भाग कापत राहिले, कापल्या जागी राख लावत राहिले. सात झुबके उकिरड्यावर गेले. आठव्यातल्या दोन कांड्या घट्ट होत्या.

पावसाळाभर चाचा माझ्याशी बोलले नाहीत. असला अबोला मी सासूचाही सोसलेला नाही. रोज सकाळी कुंपणावरून डोकावे आणि वाटे, आज गेल्या. आषाढात एकीच्या बुडाशी हिरवा कोंब दिसला, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. दिवाळीनंतर ते बोलू लागले, पण झाडांचं नाव काढत नसत.

पुढल्या वैशाखात त्यांना पुन्हा तळेगावला जायचं होतं. पिशवी घेऊन सरळ आमच्या दारात उभे.

"सूनबाई, कातळ बघा."

मी हादरलेच. "मला नका सांगू, चाचा. पलीकडच्या काकूंना सांगा."

"त्या नव्यानं चुकायच्या," ते म्हणाले. "तुमची चूक करून झालीया." आणि स्टेशनच्या वाटेला लागले.